खालची डावी बाजू

"बाबा, हेडमास्तर आलेत. कवळी झाली का त्यांची?"

लेकीने मधले दार अर्धे उघडून विचारले. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत ती लोकांचे दात काढत असे आणि मागच्या खोलीत नाना लोकांना दात करून देत असत. दोन्ही कामे एकाच छपराखाली होत असल्याने गिऱ्हाइकाला बोळक्या तोंडाने फार दिवस हिंडावे लागत नाही, अशी या दवाखान्याची ख्याती होती. गेल्या दीड महिन्यात ती ख्याती झपाट्याने उतरणीला लागली होती.

"झालीच म्हण," नाना मेणाच्या पट्टीवरून मान न उचलता म्हणाले. "खालची डावी बाजू जरा उंच लागतेय. शनिवारी चारला या म्हणावं. दोन तास बसायच्या तयारीनं."

"गेले सहा शनिवार बसायच्या तयारीनंच येतायत ते!"

"दाताचं काम आहे, बाळ. घाई केली की तोंड वाकडं होतं."

"माझं झालंय ना वाकडं, लोकांना उत्तरं देऊन देऊन," लेक म्हणाली आणि दार आपटून गेली.

दार नीट लागल्याची खात्री करून नानांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. आत पाण्याने भरलेल्या पाच वाट्या होत्या आणि पाच वाट्यांत पाच कवळ्या होत्या. घासलेल्या, पॉलिश केलेल्या, तोंडात घालून सरळ शेंगदाणे फोडावेत अशा. हेडमास्तरांची खालची डावी बाजू मुळीच उंच नव्हती. नानांच्या चाळीस वर्षांच्या हातून इतकी बिनचूक डावी बाजू क्वचितच उतरली असेल. त्यांनी ती कौतुकाने न्याहाळली आणि खण पुन्हा ढकलून दिला.

वाट्यांवर चिठ्ठ्याही होत्या, पण त्यांवर कुणाचे नाव नव्हते. लेकीने चुकून खण उघडलाच तर तिला बोध होऊ नये, म्हणून नानांनी शोगी या जपानी बुद्धिबळाच्या सोंगट्यांवरची अक्षरे काढून ठेवली होती. हेडमास्तर म्हणजे सोने, लायब्ररीबाई म्हणजे चांदी, बँडमधले निवृत्त ट्रंपेटवाले म्हणजे भाला, आणि बसच्या नोकरीतून एकाच दिवशी निवृत्त झालेले दोघे जुळे भाऊ म्हणजे दोन घोडे. दोन्ही घोड्यांची अक्षरे सारखीच होती, ही बाब त्या वेळी नानांना महत्त्वाची वाटली नाही.

नाना लबाड नव्हते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला एक दात कमी दिला नव्हता. पण माणसाला एखाद्याची आठवण फार यायला लागली, की त्याच्या हातून काय होईल याचा नेम नसतो.

सोळा वर्षांपूर्वी गावाबाहेर नदीवर मोठ्या पुलाचे काम निघाले आणि त्यासाठी एक जपानी इंजिनीयर आले. पहिल्याच आठवड्यात लोखंडाची कांब लागून साहेबांचा पुढचा दात तुटला. तेव्हा दवाखाना लेकीच्या आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता. त्यांनी साहेबांना माप द्यायला मागच्या खोलीत पाठवले. साचा वाळेपर्यंत करायचे काय, म्हणून साहेबांनी पिशवीतून एक लाकडी पट काढला, त्यावर पाचकोनी सोंगट्या मांडल्या आणि नानांकडे बघून भुवया उंचावल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. साचा तासाभरात वाळला, तो संध्याकाळपर्यंत कुणी पाहिला नाही.

त्या खेळात नऊ गुणिले नऊ अशी घरे असतात आणि दोघांच्या सोंगट्यांचा रंग एकच असतो. सोंगटीचे टोक जिकडे, तिकडे ती चालून जाते, म्हणजे ती कुणाची हे कळते. मुख्य गंमत अशी, की मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. आणि हरणाऱ्याने स्वतः वाकून 'हरलो' असे म्हणायचे असते, जिंकणाऱ्याने ते म्हणायचे नाही. नानांना हे फार आवडले. पहिल्या वर्षी ते शंभरेक वेळा वाकले असतील.

साहेबांचा दात आठवड्यात तयार झाला होता, तो नानांनी चार वर्षे दिला नाही. कधी रंग जुळत नव्हता, कधी कडा टोचणार होती, कधी पावडर संपली होती. साहेब तात्पुरता दात लावून दर शनिवारी येत, नानांची सबब लक्ष देऊन ऐकत, मान डोलवत आणि पट मांडत. बघता बघता ते आपली भाषाही बोलायला शिकले. साहेब मनाने फार साधे, त्यांना कधी संशय आला नाही, असे नानांना वाटे आणि त्या गोष्टीची अधूनमधून लाजही वाटे.

मग पूल पुरा झाला. सगळ्या गावाने आनंद केला. पुलाकडे पाठ करून उभा राहिलेला त्या दिवशी गावात एकच माणूस होता. निघायच्या दिवशी नानांनी खणातून दात काढला आणि एका मिनिटात साहेबांच्या तोंडात बसवला. तो असा बसला, की जन्मापासून तिथेच असावा. साहेबांनी आरशात पाहिले, नानांकडे पाहिले आणि खोल वाकले.

पट आणि सोंगट्या ते नानांकडेच ठेवून गेले. फक्त एक राजा त्यांनी खिशात घातला. शोगीतले दोन राजे दिसायला सारखेच, एकाच्या अक्षरात एक टिंब जास्त असते. रिवाज असा, की थोरल्याने बिनटिंबाचा घ्यायचा आणि धाकट्याने टिंबाचा. चार वर्षे दर शनिवारी दोघांत त्या टिंबावरून ओढाताण चाले. "तुम्ही मोठे." "छे छे, तुम्ही मोठे." शेवटी साहेब टिंबाचा राजा घेऊन गेले, म्हणजे धाकटेपण त्यांनीच पळवले. "हा मी स्वतः आणणार," दारात ते म्हणाले होते. "दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तोवर डाव नाही."

याला बारा वर्षे झाली. लाकडी सोंगट्यांत त्या जागी नानांनी कवळीच्या मालातून ओतलेला एक गुलाबी राजा ठेवला होता. समोरच्या खुर्चीत मात्र काही ओतून ठेवता येत नव्हते. शनिवारी चार वाजता ते दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. हरलेल्या बाजूला जाऊन वाकायचेही सोडत नसत.

तीन महिन्यांपूर्वी साहेबांचे पत्र आले. तिकडच्या खेळाच्या संस्थेने परदेशी खेळाडूंमध्ये शोगीचा प्रसार करायचे ठरवले होते. ज्या गावात सहा जणांचा क्लब असेल, तिथे जुना खेळाडू शिकवायला म्हणून तीन महिने पाठवणार होते. 'मी नाव दिले आहे,' साहेबांनी लिहिले होते. 'मुलगा मला एकट्याला प्रवास करू देत नाही, वय चौऱ्याहत्तर म्हणतो. संस्थेने पाठवले तर त्याचे काही चालणार नाही. पण क्लब नसलेल्या गावी पाठवत नाहीत.'

नानांनी त्याच दिवशी अर्ज भरून पाठवला. सभासदसंख्या: सहा. खरी संख्या एक होती, दोन्ही बाजूंनी खेळत असल्याने फार तर दीड म्हणता आली असती.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. पेपरवाल्याला पट दाखवला, तो म्हणाला, "नंतर येतो." शेजारच्या चष्मेवाल्याला बसवले, तो तिसऱ्या चालीला घोरला. औषधांच्या दुकानदाराने तर "यात पासे कुठायत?" असे विचारून नानांच्या जिव्हारीच घाव घातला. एके दिवशी रांगेत बसलेल्या हेडमास्तरांकडे बघताना नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. दात असलेल्या माणसाला शंभर कामे असतात. दात नसलेला माणूस थांबतो. दुसरीकडे कुठे जाणार?

आणि खरोखरच, तोंडात दात नसताना पाच जण सहा शनिवारांत शोगी शिकले. नानांनी त्यांच्यासाठी कवळीच्या गुलाबी मालातून आणखी दोन संच ओतले आणि बारीक कानशीने अक्षरे कोरली.

"म्हणजे मारलेला गडी पुन्हा येतो?" ट्रंपेटवाल्यांनी पहिल्या दिवशी विचारले होते. दात नसल्याने त्यांच्या प्रत्येक शब्दातून थोडी हवा निसटत असे.

"मरत नाही कुणी. पक्ष बदलतो."

"मग यात जपानी काय आहे?" थोरला जुळा म्हणाला. "हे तर आपल्याकडचंच निघालं!"

शत्रूच्या हद्दीत गेलेली सोंगटी उलटून वरच्या दर्जाला नेतात, हे कळल्यावर हेडमास्तर खुलले. प्रत्येक सोंगटी उलटताना "जा वरच्या वर्गात" म्हणू लागले. जुळे भाऊ आपसांत खेळत आणि वाहने वळवताना ओरडावे तसे ओरडत. पण खरी चाल होती लायब्ररीबाईंकडे. त्या बोलत कमी आणि बघत जास्त. चौथ्या शनिवारी त्यांनी नानांना हरवले, आणि नाना बारा वर्षांनी खऱ्या माणसापुढे वाकले. त्या रात्री जेवण गोड लागले नानांना. कवळीबद्दल बाईंनी एकदाही विचारले नाही. उलट जाताना म्हणाल्या, "माझी सावकाश होऊ द्या हं. घरी बोलायला तरी कोण आहे दात घालून?"

इतरांचे तसे नव्हते. दीड महिना मऊ खाऊन हेडमास्तरांचा स्वभाव कडक झाला होता. जुळ्यांच्या घरी सफरचंदांची पेटी भेट आली होती, तिच्याकडे बघत दोघे दिवस काढत होते. आणि ट्रंपेटवाल्यांची अडचण सगळ्यांत मोठी होती. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला बँडच्या जुन्या मंडळींचा कार्यक्रम होता आणि दातांशिवाय ट्रंपेटमधून नुसता वारा येत होता.

"नाना, शनिवारी नक्की ना?" ते दर दोन दिवसांनी येऊन विचारत. "बारा वर्षांनी स्टेजवर चढतोय हो."

बारा वर्षे म्हटल्यावर नानांचा हात खालच्या खणाकडे गेला. पण त्याच शनिवारी चारला, क्लब खरा आहे का ते तपासायला, संस्थेच्या परीक्षकबाई येणार होत्या. दात आधी दिले तर ट्रंपेटवाले तालमीला पळतील, जुळे सफरचंदांकडे पळतील आणि क्लबात नाना उरतील. "डाव संपला की तिथल्या तिथे बसवतो," ते म्हणाले. "पाच वाजता तुमच्या तोंडात असतील. माझा शब्द."

शनिवारी तीन वाजता नाना इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षकबाईंना आणायला स्टेशनवर गेले. जाताना सगळे नीट लावून गेले: तीन पट, सहा खुर्च्या, पाण्याचा तांब्या. खणाला कुलूप लावायचे तेवढे राहिले.

सव्वातीनला लेकीची बारीक कानस मोडली. दुसरी बाबांकडे असेल म्हणून ती मागच्या खोलीत आली. वरचा खण पाहिला, मधला पाहिला, मग खालचा ओढला.

दातांच्या डॉक्टरला तयार कवळी ओळखायला चिठ्ठी लागत नाही. पाची वाट्या तिने एकेक करून उजेडात धरल्या. दीड महिना ती लोकांपुढे हात जोडत होती, मालाला दोष देत होती, एकदा तर हवामानाला दोष देऊन झाला होता. तिने वाट्या ट्रेमध्ये घेतल्या आणि तडक बाहेरच्या बाकापाशी आली. पाची जण वेळेआधी येऊन बसले होते, कारण परीक्षा म्हटल्यावर हेडमास्तरांनी सगळ्यांना पाऊण तास आधी बोलावले होते.

"हे तुमचे दात," ती म्हणाली. "महिनाभर तयार पडलेत. बाबांच्या वतीनं मी माफी मागते. कुणी हात लावू नका, कुणाचे कोणते ते मी साच्यांवरून..."

तेवढ्यात आतल्या खुर्चीतला पेशंट तोंडात नळी ठेवून जोराने हुंकारला, आणि तिला आत धावावे लागले. ती पाच मिनिटांत परत येणार होती. पण दीड महिना उपाशी माणसापुढे ताट ठेवून 'हात लावू नका' म्हणणे सोपे असते, ऐकणे नसते. जुळ्यांनी आधी हात घातला, कारण त्यांना कायम आपलेच आधी लागे. ते बघून ट्रंपेटवाल्यांनी घातला. हेडमास्तरांनी 'रांगेने, रांगेने' म्हणत सगळ्यांच्या आधी उरलेले ओढले. चिठ्ठ्या वाचून पाहिल्या, पण दोन वाट्यांवर एकच अक्षर होते आणि बाकीच्यांवर काय होते ते या लोकांना घाईत लागेना. वरचा भाग एका वाटीतून, खालचा दुसरीतून, असे जे हाती लागले ते नळाखाली धरून तोंडात गेले. लायब्ररीबाई तेवढ्या बाजूला बसून राहिल्या. ट्रेमध्ये शेवटी जे उरले, ते त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"आले ते," थोरला जुळा म्हणणार होता. पण त्याच्या तोंडातून जे निघाले ते कुठल्याच भाषेतले नव्हते. कवळी बसते खरी, पण दुसऱ्याची कवळी अशी बसते की निघताना निघत नाही आणि बोलताना थांबत नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि तोंडे गच्च मिटून मागच्या खोलीत पटांवर जाऊन बसले. नाना आल्यावर त्यांना काय काय ऐकवायचे, हे प्रत्येकाने मनाशी ठरवले होते. ऐकवायला तोंड उघडणे मात्र शक्य नव्हते.

परीक्षकबाई चाळिशीच्या होत्या, हसऱ्या होत्या आणि आपली भाषा पुस्तकांतून शिकल्या होत्या. दारातच त्या थबकल्या. तीन पटांवर पाच माणसे पाठीचे कणे ताठ करून, ओठ आवळून, डोळ्यांतून जाळ काढत बसली होती. ट्रंपेटवाल्यांच्या तोंडात हेडमास्तरांची वरची कवळी असल्याने ते मनात नसताना हसत होते. हेडमास्तरांचे आवळलेले ओठ पुन्हा पुन्हा उघडत होते.

"काय ही एकाग्रता!" बाई हळूच म्हणाल्या. "नाना, आपल्या क्लबातील शांतता अत्यंत प्रशंसनीय आहे. मी अकरा देशांतील क्लब पाहिले. सर्वत्र फार बोलतात."

"इथेही..." नाना म्हणता म्हणता थांबले. हे लोक गप्प का, हे त्यांनाही कळेना. शुभ शकुन समजून ते लायब्ररीबाईंच्या समोर बसले.

मग जो खेळ झाला तसा त्या खोलीत कधी झाला नव्हता. दातओठ खायची सोय नव्हती, तो सगळा राग पटावर उतरला. सोंगट्या आपटत होत्या. हेडमास्तरांनी ट्रंपेटवाल्यांचे दोन भाले तीन चालींत मारले आणि त्यांच्याच अंगावर सोडले. जुळ्यांनी आयुष्यभराचा हिशेब काढल्यासारखा एकमेकांचा राजा घेरला. परीक्षकबाई वहीत भराभर लिहीत होत्या. नानांना तर आपण काय पाहतो आहोत यावर विश्वास बसेना. क्लब होता हा. खराखुरा. आता साहेब येणार, या नुसत्या विचारात त्यांनी सोंगटी भलत्याच घरात ठेवली आणि लायब्ररीबाईंनी तिथेच त्यांना पकडले.

पावणेपाचला धाकटा जुळा हरला.

नियम नियम होता. परीक्षकबाई समोर वही उघडून उभ्या होत्या. धाकटा सगळ्यांकडे बघून घेऊन वाकला, 'हरलो' म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि खालची अख्खी कवळी निसटून पटावर पडली. गुलाबी सोंगट्यांच्या मधोमध गुलाबी कवळी अशी शोभून दिसली, की परीक्षकबाईंनी क्षणभर तीही नियमातली चाल समजून वहीत टिपायला पेन टेकवले.

"ती माझी आहे!" हेडमास्तर ओरडले. निदान सगळ्यांनी तसे समजून घेतले, कारण त्या ओरडण्यात त्यांची वरचीही निसटून हातात आली.

"ही घ्या! आणि माझी कुठाय?" ट्रंपेटवाल्यांनी आपल्या तोंडातली काढून टेबलावर ठेवली.

"माझ्या हद्दीत पडलेली माझी," थोरल्या जुळ्याने आपली काढून हातात घेतली आणि धाकट्याची पडलेली उचलली. "मारलेली सोंगटी आपल्या बाजूनं येते की नाही?"

"तो नियम दातांना नाही!" नाना कळवळून म्हणाले, आणि मग सगळे एकदम नानांकडे वळले.

दीड तासाने अडलेल्या दाढेतून सुटलेली लेक दारात उभी होती. तिच्या हातात पाच साचे होते. ते बघून नाना उठले. त्यांनी हातातली सोंगटी खाली ठेवली.

"बाई," ते परीक्षकबाईंना म्हणाले, "वही मिटा तुमची. हा क्लब नाही. या लोकांचे दात मी अडवून ठेवले होते, म्हणून हे येत होते. अर्जावर सहा लिहिलं ते खोटं होतं. एकच माणूस यावा म्हणून केलं सगळं. बारा वर्षं झाली हो, समोर बसायला कुणी नाही."

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवले. लेकीने साचे टेबलावर मांडले, लायब्ररीबाईंनी पर्समधला रुमाल सोडून शेजारी ठेवला. एकेकाची कवळी साच्यावर बसवून पाहिली, जंतुनाशक पाण्यातून काढली आणि ज्याची त्याच्या तोंडात बसवली. प्रत्येकाची बसली. कुठेही उंच नव्हती.

ट्रंपेटवाल्यांनी दोनदा ओठ दाबून पाहिले, घड्याळ पाहिले आणि पेटी उचलली. "साडेपाच झाले. मी पुन्हा येणार नाही, नाना," ते स्पष्ट, स्वच्छ उच्चारात म्हणाले. "तुमचं दुःख कळलं मला. पण माझंही होतं की." ते गेले. त्यांच्या पाठीकडे बघत नाना वाकले.

हेडमास्तरांनी पटावरून नजर फिरवली. "हे अक्षम्य आहे," ते म्हणाले. "पण माझा डाव जिंकत आलेला होता. पुढच्या शनिवारी मी तो इथून पुढे चालवणार. कुणी सोंगटी हलवली तर बघा." जुळ्यांपैकी धाकटा म्हणाला, "हा येणार असेल तर मी येणार." थोरला म्हणाला, "हा येणार असेल तर मी येत नाही." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही येणार असे ठरले. लायब्ररीबाईंना कुणी विचारलेच नाही. त्या पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडत होत्या.

"चार," परीक्षकबाई मोजत म्हणाल्या. "आणि आपण पाच. सहावा सभासद आता नाही. मला अत्यंत खेद आहे."

नानांनी आपली खुर्ची आत सरकवली. एका माणसासाठी उभे केलेले सगळे एका माणसापायी गेले.

"माझं लिहा," लेक म्हणाली.

"तुला येत नाही ना, बाळ."

"नाही येत. शिकेन. बारा वर्षं मी मधल्या दाराच्या फटीतून बघतेय, बाबा. इकडच्या खुर्चीवरून उठता, तिकडच्या खुर्चीवर जाऊन वाकता. मला वाटायचं जाऊन बसावं समोर. पण त्या खुर्चीत बसलं तर तुम्हांला आवडेल का, कळायचं नाही." मग तिने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "आणि शिवाय कुणाचे दात अडवताय का, त्यावर लक्ष राहील!"

परीक्षकबाईंनी वहीत सहा लिहिले आणि वही मिटली. मग कपाळाला हात लावला. "क्षमस्व! मुख्य गोष्ट विस्मरणात गेली." त्यांनी बॅगेतून कापडात बांधलेली एक चौकोनी पेटी काढून नानांपुढे ठेवली. "आपल्या मित्रांनी दिली आहे. स्वहस्ते द्यावी असे बजावले आहे."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी पेटीला हात लावला नाही.

"मी स्वतः आणणार म्हणाले होते," ते हळू म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही म्हणाले होते." राजा असा परक्या बॅगेतून आला, याचा अर्थ त्यांना एकच लागत होता. साहेब येणार नव्हते. कदाचित येण्यासारखेच राहिले नव्हते, आणि हे सांगायला बाई धीर गोळा करत होत्या. सहा सभासद, तीन पट, अकरा देश, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून ओसरून गेले. "तू उघड," ते लेकीला म्हणाले. "माझ्यानं व्हायचं नाही."

लेकीने गाठ सोडली, झाकण काढले आणि बघत राहिली.

आत राजा नव्हता. कापसात नीट बसवलेले दोन साचे होते, एक वरच्या जबड्याचा, एक खालच्या. दोन्हींत एकही दात नव्हता. खाली चिठ्ठी होती, वाकड्यातिकड्या, ओळखीच्या अक्षरात.

लेकीने वाचली. 'नाना, तो दात पहिल्याच आठवड्यात तयार होता. तुम्ही पावडर आणायला गेला होता तेव्हा खालच्या खणात मी पाहिला. मलाही घाई नव्हती. एका दाताला चार वर्षे लागली. आता बाकीचेही सगळे गेले. तुमचा दात राजाशेजारी डबीत आहे, दोन्ही मी स्वतः घेऊन येतो. साचे आधी पाठवले, म्हणजे तुम्हांला सबब शोधायला वेळ मिळेल. बायकोला सांगितले आहे, कवळी तिकडेच करणार, दुसऱ्या कुणाच्या हातची मला बसत नाही.'

नानांनी दोन्ही साचे उचलले. पहिल्यांदा त्यांना ते नीट दिसेनात, म्हणून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि साचे खिडकीच्या उजेडात धरले. असे सरळ, आखीव जबडे चाळीस वर्षांत त्यांच्या हाती आले नव्हते. कुणीही नवशिक्या असता तरी आठ दिवसांत कवळी उतरवून दिली असती.

"बाबा," लेक जरा दरडावून म्हणाली, "याला किती दिवस लागतील?"

नानांनी साचा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, चष्मा वर केला, खाली केला.

"वरचं ठीक आहे," ते म्हणाले. "खालची डावी बाजू जरा अवघड दिसतेय."